पूर ओसरल्यावर: पुण्यातील पुनर्वसित घरांचा इतिहास

निवारा गमावलेल्या कुटुंबाला छप्पर मिळवून देणे आणि त्याच छपराखाली त्या कुटुंबाला पिढी-दोन पिढ्या टिकवून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि शहरांच्या इतिहासात पहिल्या कामाची जितकी नोंद होते तितकी दुसऱ्याची होत नाही. पहिल्या कामाला तारीख असते, त्याचा समारंभ होतो, किल्ल्यांचे वाटप होते. दुसरे काम मात्र भाड्याच्या पावत्या, कर्जाचे हप्ते, सोसायटीचे ठराव, वारसनोंदी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील अर्ज यांच्या आधाराने वर्षानुवर्षे चालू राहते. पुणे शहरात या दुसऱ्या कामाचा इतिहास तपासायचा झाल्यास त्याचा आरंभ १२ जुलै १९६१ या दिवसापासून करावा लागतो. त्या दिवशी धरण फुटून आलेल्या पुराने एका शहरातील हजारो कुटुंबे एकाच वेळी बेघर झाली, आणि त्यांच्यासाठी जी व्यवस्था उभारली गेली तिचे बरेवाईट परिणाम आजही पर्वतीच्या पायथ्यापासून गोखलेनगरपर्यंत पाहायला मिळतात.

आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण त्या वर्षी पुरते बांधून झालेले नव्हते. पाणी सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून नेलेल्या नळाचे काम कच्चे राहिलेले असतानाच पावसाळ्याचे पाणी साठू दिले गेले, बांध खचू लागला, आणि लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही १२ जुलैच्या सकाळी तो फुटला. पानशेतचे पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळले आणि काही तासांत तेही फुटले. मुठेच्या काठची नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांची नदीकडची बाजू, पलीकडे डेक्कन जिमखान्याचा सखल भाग, पुलाची वाडी आणि शिवाजीनगर यांत पाणी शिरले. लाकडी पुलासारखे पूल पाण्याखाली गेले. मातीच्या भिंतींचे आणि सागवानी खांबांचे जुने वाडे पाणी ओसरत असताना बसत गेले, कारण भिजलेली पांढरी माती भार पेलू शकत नव्हती. वाड्याचा मालक आणि त्याच वाड्यातील एका खोलीत वर्षानुवर्षे अल्प भाड्याने राहणारे बिऱ्हाड हे दोघेही त्या संध्याकाळी सारखेच उघड्यावर आले. पुढे मात्र त्यांची वाट सारखी राहिली नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम १४ महिन्यांचे होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवली. सनदी सेवेतील बर्वे हे पुणे महानगरपालिकेचे पहिले आयुक्त होते, त्यामुळे शहराची गल्लीबोळासह ओळख असलेला अधिकारी या कामाला मिळाला, आणि काम वेगाने हलण्याचे ते एक महत्त्वाचे कारण मानले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९६२ च्या निवडणुकीत, बर्वे शिवाजीनगर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले, आणि त्या भागातील एका चौकाला आज त्यांचेच नाव आहे. पूर का आला याची चौकशी करणाऱ्या आयोगाचे काम याच सुमारास स्वतंत्रपणे चालू होते. आयोगाचे पहिले प्रमुख न्यायमूर्ती बावडेकर यांनी चौकशी अर्धवट असतानाच जीवन संपवले आणि ते काम न्यायमूर्ती वि. अ. नाईक यांनी पूर्ण केले. पुण्याच्या सार्वजनिक स्मृतीत पानशेतची ही बाजू, म्हणजे धरण का फुटले आणि दोष कोणाचा, अधिक ठळक राहिली आहे. घरे कशी उभी राहिली हा भाग मागे पडला आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पहिला निवारा शाळांच्या वर्गांत, धर्मशाळांत आणि नातलगांकडे झाला. त्यानंतरची पायरी म्हणजे पुणेकरांच्या बोलण्यात आजवर टिकून असलेला ‘निसेन हट’ हा शब्द. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पीटर निसेन या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने सैनिकांसाठी योजलेली ही झोपडी म्हणजे नालीदार पत्रा अर्धवर्तुळाकार वाकवून जमिनीवर पालथे घातलेले आडवे अर्धे नळकांडेच असते. ती थोड्या दिवसांत आणि थोड्या माणसांच्या हातून उभी राहते, हा तिचा गुण. तिच्यात संसार मांडणे ही मात्र निराळी गोष्ट होती. भिंत आणि छप्पर एकच असल्यामुळे कडेला सरळ उभे राहता येत नाही, कपाट किंवा मांडणी भिंतीला टेकवता येत नाही, देवाची तसबीर लावायची तर खिळा ठोकायला लाकूड नाही, आणि उन्हाळ्यात दुपारच्या वेळी पत्रा असा तापतो की बायकामुले सावली पाहून बाहेर बसतात. मधे फळ्यांचा किंवा तरटाचा आडोसा घालून जागा विभागली की पलीकडच्या बिऱ्हाडाचे खोकणेही ऐकू येते. हा निवारा तात्पुरता आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही मान्य होते. पुनर्वसनाच्या शब्दसंग्रहात ‘तात्पुरता’ या शब्दाइतका फसवा शब्द दुसरा नाही, कारण त्याची मुदत कागदावर कोठेही लिहिलेली नसते, आणि जे कुटुंब तेथून लवकर निघाले नाही त्याच्या मुलांची शाळा, रेशनकार्ड आणि मतदारयादीतील नाव हळूहळू त्याच पत्त्यावर स्थिरावत जाते.

कायमच्या घरांची व्यवस्था ढोबळमानाने दोन मार्गांनी झाली. एका मार्गात शासनाने स्वतः घरे बांधली आणि ती पूरग्रस्तांना भाड्याने किंवा हप्त्याने दिली. गोखलेनगरची बैठी घरे, म्हणजे एकमजली आणि एकमेकांना लागून असलेली ओळीतील घरे, या मार्गाची ठळक खूण आहे. दुसऱ्या मार्गात पूरग्रस्तांनी एकत्र येऊन सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन करायची, शासनाने त्या संस्थेला जमीन द्यायची आणि सभासदांनी कर्ज काढून घरे बांधायची अशी योजना होती. सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे सभासदांनी भाग विकत घेऊन चालवलेली, जमीन किंवा इमारत संस्थेच्या नावावर ठेवून सभासदाला राहण्याचा हक्क देणारी संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम हा १९६० चा कायदा तेव्हा अगदी नवा होता, सहकाराबद्दलचा विश्वास महाराष्ट्रात भरात होता, आणि पुण्याच्या अर्थशास्त्रीय वर्तुळात धनंजयराव गाडगीळांनी तो साखर कारखानदारीच्या अनुभवातून पक्का केलेला होता. पूरग्रस्तांच्या अशा १०३ संस्थांना शासनाने जमीन दिली. पर्वतीच्या दक्षिणेकडील उपनगराला सहकारनगर हे नाव मिळाले, त्यात त्या काळाची ही श्रद्धा उमटलेली आहे.

या दोन मार्गांपैकी कोणता मार्ग कोणाच्या वाट्याला आला यात सगळा पुढचा इतिहास सामावलेला आहे. संस्थेत भाग घ्यायला, कर्जाला जामीन द्यायला आणि बांधकाम संपेपर्यंत दुसरीकडे राहायला ज्याच्याकडे थोडीफार पुंजी किंवा कायमची नोकरी होती, त्याला प्लॉटचा मार्ग खुला होता. शिक्षक, कारकून, छोटे व्यापारी, बँकेतील नोकर अशा कुटुंबांनी तो धरला आणि काही वर्षांत बंगलेवजा घरे उभी केली. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला भाड्याची खोली मिळाली, आणि पूर येण्यापूर्वीच ज्याचे नाव कोणत्याही भाडेपावतीवर नव्हते त्याला आपण पूरग्रस्त आहोत हेच सिद्ध करणे कठीण गेले. पोटभाडेकरू, नदीकाठी झोपडी बांधून राहणारे, मालकाच्या ओसरीवर पथारी टाकणारे नोकर यांचे घरही पाण्यात गेले होते, पण ते घर होते याचा पुरावा कागदावर नव्हता. आपत्तीने सर्वांना एका पातळीवर आणले असे पुराच्या वर्णनांत वारंवार म्हटले जाते. पुनर्वसनाने त्यांना पुन्हा आपापल्या पातळीवर नेऊन ठेवले, ही त्याची पुरवणी आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा अभ्यास करून ‘डेल्यूज इन पूना’ हा इंग्रजी ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. मदतीचे वाटप संपल्यावर वर्तमानपत्रांचे लक्ष उडते; त्यानंतर कुटुंबे कोठे गेली आणि कशी राहिली याचा असा शास्त्रीय मागोवा घेतला जाणे ही भारतातील शहरांच्या बाबतीत विरळा गोष्ट आहे, आणि तिचे मोल पुण्यानेही पुरेसे ओळखलेले नाही.

संस्थांना मिळालेली जमीन मालकीची नव्हती. ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली होती. भाडेपट्टा म्हणजे जमिनीची मालकी शासनाकडे ठेवून, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक शर्तींवर ती वापरण्याचा हक्क देणारा करार. पहिल्या पिढीला त्याची अडचण भासली नाही, कारण ९९ वर्षे हा काळ घर नव्याने मांडणाऱ्या माणसाला अनंतच वाटतो, आणि शासन आपल्याला उठवणार नाही हा भरवसा त्या करारात होता. खरे पाहता घर टिकण्याच्या दृष्टीने ही शर्त काही काळ उपकारकच ठरली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नसल्यामुळे अडचणीच्या एखाद्या वर्षी, मुलीच्या लग्नापायी किंवा दुखण्यापायी, प्लॉट फुंकून टाकण्याचा मोह आवरला गेला, आणि शेजार तीस-चाळीस वर्षे तसाच राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या काळात मात्र तीच शर्त जाचक झाली. परवानगी न घेता विक्री किंवा वापरबदल झाला की तो ‘शर्तभंग’ ठरतो आणि तो नियमित करून घेण्यासाठी शासनाला ‘नजराणा’ नावाची रक्कम भरावी लागते. शिवाय जमिनीची किंमत धारकाच्या श्रमाविना वाढली म्हणून त्या वाढीतील वाटा शासन मागते, त्याला ‘अनर्जित उत्पन्न’ म्हणतात. जुने घर पाडून इमारत बांधायची, भावाभावांत वाटणी करायची, वृद्ध आईवडिलांसाठी जिना काढून लिफ्ट बसवायची, अशा साध्या गरजा या शब्दांना अडून राहू लागल्या. मालकी हक्काची मागणी संस्थांनी दशकानुदशके लावून धरली, आणि पुराला जवळजवळ सहा दशके होत आल्यावर राज्य शासनाने ठरावीक रक्कम भरून घेऊन या जमिनी मालकीने देण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या नावावर प्लॉट झाला होता त्या मूळ सभासदांपैकी बहुतेकांच्या हयातीत हे घडले नाही.

गोखलेनगरच्या बैठ्या घरांचा प्रवास वेगळा झाला. तेथील घर लहान होते, तरी ते जमिनीला लागून होते आणि दाराशी थोडी मोकळी जागा होती, आणि याच गोष्टीने अनेक कुटुंबांना तारले. पुढे ओटा वाढला, ओट्यावर पत्रा आला, पत्र्याखाली शिवणयंत्र किंवा पिठाची गिरणी बसली, मागच्या मोरीवर खोली चढली, आणि मुलाचे लग्न झाले तेव्हा बाहेरून लोखंडी जिना लावून माडी झाली. नगररचनेच्या नियमांत यातील पुष्कळसे अनधिकृत होते. तरीही उत्पन्न वाढेल तसे घर वाढवण्याची मुभा हीच कमी मिळकतीच्या कुटुंबाला एका जागी धरून ठेवणारी सर्वांत मोठी शक्ती आहे, हे नियोजनकारांच्या आधी या वसाहतींनी दाखवून दिले.

याच आपत्तीच्या मुळाशी असलेल्या आणखी एका विस्थापित समूहाचा उल्लेख येथे टाळता येत नाही. पानशेत धरणासाठी आंबी खोऱ्यातील शेतकऱ्यांची गावे उठवली गेली होती. प्रकल्पामुळे बाधित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, म्हणजे धरणाच्या बांधकामाच्या वेळी या कुटुंबांच्या पाठीशी असा कोणताही कायदा नव्हता. धरण बांधल्याने बेघर झालेले आणि धरण फुटल्याने बेघर झालेले अशा दोन समूहांपैकी शहरातील समूहाला जे लक्ष आणि जी जमीन मिळाली ती खोऱ्यातील समूहाला मिळाली नाही, हे नमूद केल्याशिवाय पुण्याच्या पुनर्वसनाची कहाणी प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

१९७२ च्या दुष्काळाने पुण्यात माणसांचा नवा लोंढा आणला आणि टेकड्यांचे उतार, ओढ्यांचे काठ, कालव्याच्या कडा झोपड्यांनी भरल्या. त्याआधीच्या वर्षी झालेल्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याने, म्हणजे सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास या तीन गोष्टींची तरतूद करणाऱ्या अधिनियमाने, वस्ती ‘घोषित’ करण्याची पद्धत आणली. घोषित वस्तीत नळ, शौचालये, गटारे देता येतात आणि तेथील रहिवाशाला विनाप्रक्रिया हुसकता येत नाही. १९७६ च्या झोपडी गणनेनंतर कुटुंबाचे छायाचित्र लावलेले ओळखपत्र देण्याचा प्रघात पडला, त्याला बोलीत ‘फोटोपास’ म्हणतात. पूरग्रस्तांच्या सोसायटीत भागदाखल्याला जे स्थान होते तेच वस्तीत या फोटोपासला आले. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गादीखाली किंवा पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, लग्नाच्या शालूइतक्याच जपणुकीने ठेवला जातो, कारण पाडापाडीची नोटीस आली की पहिला प्रश्न त्याचाच होतो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण २००५ साली स्थापन झाले. विकसकाने पात्र झोपडीधारकाला (मूळ नियमांनुसार सुमारे २५ चौरस मीटरची) सदनिका फुकट बांधून द्यायची आणि मोबदल्यात वाढीव बांधकामाचा हक्क घ्यायचा, ही त्यामागची रचना आहे. सदनिका ठरावीक वर्षे विकता येत नाही, अशी बंदीही घातली गेली. पण कुटुंब घरात टिकते की नाही हे बंदीवर फारसे अवलंबून नसते. झोपडीत असताना दरमहा न येणारे खर्च, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवा, सफाई, मालमत्ता कर, इमारतीत गेल्याबरोबर सुरू होतात. भाजीची हातगाडी सातव्या मजल्यावर नेता येत नाही आणि कागदवेचक बाईला गोळा केलेला माल निवडायला अंगण लागते. शहरातील मोलकरणींनी १९८० साली संप करून आपल्या श्रमाचा भाव मागितला तेव्हापासून हे उघड आहे की वस्ती आणि काम देणारी सोसायटी यांत चालण्याचे अंतर असणे हाच या कुटुंबांच्या मिळकतीचा पाया आहे. सकाळी सातला एका घरी भांडी आणि साडेआठला दुसऱ्या घरी पोळ्या असा ज्यांचा दिवस असतो, त्यांना शहराच्या कडेला दिलेले पक्के घर दोन बस बदलून परवडत नाही. असे कुटुंब घर भाड्याने देऊन पुन्हा जुन्या वस्तीच्या आसपास खोली घेते, आणि मग ‘फुकट मिळालेले घर विकून खाल्ले’ हा ठपका त्याच्यावर येतो. हा ठपका अन्याय्य आहे. टिकण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी देणाऱ्याने मोजल्याच नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ आहे.

येरवड्यात या गोष्टी मोजण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला. केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातील शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवांच्या योजनेखाली, २००९ च्या सुमारास, तेथील वस्त्यांमध्ये ‘आहे त्या जागी’ घरे बांधण्याचे काम हाती घेतले गेले. आहे त्या जागी म्हणजे वस्ती न हलवता, गल्ल्या न मोडता, केवळ कच्ची घरे उतरवून त्यांच्या जागी पक्की बांधणे. ‘स्पार्क’ ही संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतील स्त्रियांच्या बचतगटांचे जाळे यात अग्रभागी होते, आणि पुण्याचे वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांच्यासह फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सन यांनी आराखडे केले. घर सुमारे २७० चौरस फुटांचे होते आणि खर्चातील दहावा हिस्सा कुटुंबाने उचलायचा होता. आराखड्यांचे तीन प्रकार रहिवाशांपुढे ठेवले गेले: पहिले दुमजली, पण तिसरा मजला पेलेल अशा पायाचे, दुसऱ्यात तळमजला खांबांवर मोकळा, जेथे दुकान मांडता येईल किंवा गाडी लावता येईल, तिसऱ्यात मधला मजला मोकळा, तो पुढे सवडीने भरून काढण्यासाठी. गोखलेनगरच्या ओट्यावर आणि लोखंडी जिन्यावर जे चोरून करावे लागले होते ते येथे आराखड्यातच मान्य झाले, हे या कामाचे ऐतिहासिक वैशिष्ट्य आहे. शेजारच्या पक्क्या घरांना धक्का न लावता दोन-तीन मीटर रुंदीच्या बोळांतून सळया आणि सिमेंट नेत काम करणे संथ होते, पण घर बदलले तरी दाराबाहेरचा शेजार, मुलांची शाळा आणि कामावर जाण्याची वाट तीच राहिली.

ज्यांच्याकडे फोटोपास नाही आणि वस्तीही नाही, जे पदपथावर, पुलाखाली किंवा स्थानकाच्या आवारात राहतात, त्यांच्यापर्यंत ही सारी व्यवस्था फार उशिरा पोहोचली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्याचा आदेश दिला आणि २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात चोवीस तास खुल्या, माणशी ५० चौरस फूट जागेच्या निवाऱ्यांची तरतूद झाली. पुणे महानगरपालिका असे निवारे चालवते. अमेरिकेत १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘आधी घर’ या तत्त्वाने काम सुरू केले. माणसाचे व्यसन किंवा आजार बरा होईपर्यंत घर अडवून न ठेवता, घर आधी द्यावे आणि उपचार, काम, कागदपत्रे यांसाठी सोबत नंतरही चालू ठेवावी, असे ते तत्त्व सांगते. पुण्यात मात्र निवाऱ्यात रात्र काढणाऱ्या माणसाला तेथून भाड्याच्या खोलीपर्यंत नेणारी पायरी अद्याप नीट बांधलेली नाही. त्याच्याकडे अनामत नसते, पत्ता नसतो, आणि पत्ता नसल्यामुळे आधारकार्डापासून बँकेच्या खात्यापर्यंतची साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते. १९६१ मध्ये भाडेपावती नसलेल्या पोटभाडेकरूची जी अडचण झाली होती तिचेच हे दुसरे रूप आहे.

आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत घरे कोसळून आणि वाहून माणसे दगावली. पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या उपनगरालगत पुन्हा पूरग्रस्त निर्माण झाले. त्यानंतर जून २०२१ मध्ये त्याच ओढ्याकाठच्या झोपड्या भर पावसाळ्यात पाडण्यास आरंभ झाला तेव्हा रहिवाशांनी विरोध केला, आणि कारवाई थांबवावी लागली. नदीच्या पात्रालगत निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची लाल. या रेषा आखल्या गेल्या तरी पुलाची वाडी ही १९६१ मध्ये पाण्याखाली गेलेली वस्ती आजही डेक्कन जिमखान्याच्या पुलाखाली, नदीपासून हातभर अंतरावर आहे. जुलै २०२४ च्या पावसात खडकवासल्यातून पाणी सोडले जात असताना तेथे तीन माणसे विजेच्या धक्क्याने मृत्यू पावली. आपल्या हातगाडीचे सामान पाण्यातून वाचवण्याच्या प्रयत्नात ती होती.